खाडाखोड

आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या जर्नलमध्ये खाडाखोड केली की दोन मार्क जायचे. निळ्या शाईत लिहायचं, आकृत्या पेन्सिलीने काढायच्या आणि पानावर एक अक्षरही खोडलेलं दिसता कामा नये. आता मला सांगा, प्रयोग करताना ज्याचं काहीच चुकत नाही असा माणूस जगात आहे का? म्हणून आम्ही सगळ्या चुका कच्च्या कागदावर करायचो, त्या कागदाचा बोळा फेकायचो आणि मग स्वच्छ जर्नल लिहायचो. पुढची पायरी त्याहून सोपी होती. मागच्या बॅचला उत्तर किती आलं ते विचारायचं आणि त्या उत्तरावरून उलटं गणित करत रीडिंगं लिहायची. याला आम्ही 'रीडिंग बसवणं' म्हणायचो. दाराला कडी बसवावी तितक्या निर्मळ मनाने आम्ही रीडिंगं बसवत होतो.

माझे बाबा त्याच कॉलेजात लॅब अटेंडंट होते. लोलक, भिंगं, तारांची वेटोळी कपाटातून काढून द्यायची आणि संध्याकाळी मोजून परत ठेवायची, हे त्यांचं काम. कुठल्या प्रयोगाचं उत्तर किती येतं, हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा नीट पाठ होतं. मी त्यांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "जे आलं ते लिही." मला भयंकर राग आला. मी मित्राकडून उत्तर घेतलं, रीडिंगं बसवली आणि वीसपैकी एकोणीस मार्क मिळवले.

हे सगळं नागपुरात झालं. पुढचं सांगतोय ते सत्त्याण्णव सालातलं. मी तेव्हा सिअ‍ॅटलला पीएच.डी.च्या पाचव्या वर्षात होतो. काम होतं बर्फाचं. डोंगरावर हिवाळ्यात साठलेलं बर्फ वसंतात कधी आणि किती वितळेल आणि खालच्या धरणात किती पाणी येईल, हे सांगणारा एक फोरट्रानचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. त्यावर पंच्याण्णव साली माझा आणि माझ्या गाइडचा, प्रोफेसर हॅलोरनचा, एक पेपर छापून आला होता. त्या पेपरात एक आलेख होता. नदीला मोजलेल्या पुराची रेघ आणि माझ्या प्रोग्रॅमने सांगितलेल्या पुराची रेघ एकमेकींवर अशा बसल्या होत्या की बघणाऱ्याने वा म्हणावं. हॅलोरन तो आलेख प्रत्येक भाषणात दाखवायचा. माझ्या थिसिसचं दुसरं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं आणि जूनमध्ये माझा डिफेन्स, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा, ठरला होता.

आदल्या सप्टेंबरात आमच्या लॅबमध्ये जागृती आली. अमरावतीची, हुशार, कमी बोलणारी. तिच्या बाबांनी मला अमरावतीहून फोन केला होता. "जय भीम. तुम्ही तिथे आहात म्हणून पाठवतोय," एवढंच म्हणाले आणि मी मोठ्या भावाच्या थाटात म्हटलं, काळजीच करू नका. तिला पगारी काम होतं ते जूनपर्यंतच. हॅलोरनने सांगितलं होतं की आधी माझा पंच्याण्णवचा आलेख जसाच्या तसा काढून दाखव, मग तोच प्रोग्रॅम दुसऱ्या नदीवर चालव. जमलं तर पुढची दोन वर्षं पक्की. नाहीतर अमरावती, कारण त्या पगाराशिवाय इथे राहणं तिच्या घरच्यांना झेपण्यासारखं नव्हतं.

आणि आलेख येईना. शेअर्ड फोल्डरमध्ये मीच ठेवलेला प्रोग्रॅम, माझाच डेटा, पण तिने चालवला की पूर नऊ दिवस उशिरा यायचा आणि लहान यायचा. एक महिना ती त्यात अडकून पडली. शेवटी एप्रिलमधल्या एका शुक्रवारी ग्रुप मीटिंगमध्ये हॅलोरनने कपाळाला आठ्या घालून विचारलं की हिने नक्की काय मोडून ठेवलंय.

मी उत्तर दिलं. मला विचारलं नव्हतं, तरी दिलं. म्हणालो, "ती न विचारता फाइल्समध्ये हात घालते. कुठेतरी काहीतरी बदललं असणार." जागृतीने माझ्याकडे पाहिलं आणि वहीत डोकं घातलं. मला त्या वेळी खरंच तसं वाटत होतं. माझा प्रोग्रॅम चुकेल ही शंकासुद्धा मला आली नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात, त्यातला प्रकार. फक्त आपण काय झाकलंय तेही मी विसरून गेलो होतो.

हॅलोरन वैतागून म्हणाला, "हे असं चालणार नाही. सगळा कोड सीव्हीएसमध्ये टाका. लहू, जाण्याआधी हे काम तुझं. आणि जागृती, तीन आठवडे. त्यानंतर मी निर्णय घेईन."

सीव्हीएस हे मी फक्त ऐकून होतो. त्या रविवारी बेलव्ह्यूला एका कम्युनिटी हॉलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. तिथे खुर्च्या लावताना पद्मिनीताई भेटल्या. त्या रेडमंडला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होत्या आणि त्यांच्या हाताखाली बारा माणसं होती. मी विचारल्यावर म्हणाल्या, "शनिवारी घरी ये. चकोल्या करते. शिकवते तुला."

पुढच्या शनिवारी वाटीभर तुपासकट चकोल्या खाऊन आम्ही त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो.

"आत्ता तुमच्याकडे काय पद्धत आहे?" त्यांनी विचारलं.

"पद्धत म्हणजे, बदल करायचा असला की फोल्डर कॉपी करायचा आणि नवीन नाव द्यायचं."

"नावं सांग."

"स्नो-न्यू. स्नो-न्यू-टू. स्नो-फायनल. मग स्नो-फायनल-खरं."

"'खरं'वर थांबलास ना?"

"नाही. मग स्नो-फायनल-खरं-लहू आहे. एकूण एक्केचाळीस."

त्या इतक्या हसल्या की आतून त्यांच्या मुलीने "आई, व्हॉट हॅपन्ड?" असं विचारलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "ऐक. सीव्हीएसमध्ये फाइल एकच राहते. तू बदल केलास की कमिट करायचं, म्हणजे तो नोंदवून टाकायचा. जुनं कुठे जात नाही, खाली राहतं. कुठली ओळ कुणी बदलली, कधी बदलली, सगळं निघतं. आणि प्रत्येक कमिटला ते तुझ्याकडून एक मेसेज मागतं. माझ्या टीमला मी सांगते, त्यात काय केलं ते लिहू नका, ते मशीनला दिसतंच. का केलं ते लिहा."

"म्हणजे खाडाखोड जपून ठेवायची?"

"हो. नावासकट."

मला ते काही आवडलं नाही. आमच्यासारख्या घरांतून इथवर आलेल्या माणसाला एक सवय लागलेली असते. चूक दिसू द्यायची नाही. लोक 'कोट्यातून आलाय' म्हणायला टपलेलेच असतात, म्हणून आपलं पान दुसऱ्यांच्या दुप्पट स्वच्छ हवं. आणि इथे ही बाई मला सांगत होती की सगळा कचरा नावासकट मांडून ठेव. पण हॅलोरनचा हुकूम होता आणि चकोल्याही खाल्ल्या होत्या.

जुने फोल्डर बॅकअपच्या टेपांवर होते. मी सोमवारपासून एकेक टेप लावायला लागलो. सगळ्यात जुनी कॉपी आधी टाकायची, मग तिच्यावर पुढची. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर दाखवायचा की आधीच्यापेक्षा कुठल्या ओळी बदलल्या आहेत आणि मग विचारायचा, का? पहिल्या दहा-बारांना मजा आली. 'एप्रिलचे तीस दिवस धरायला विसरलो होतो.' 'प्रोफेसर म्हणाले म्हणून.' 'आठवत नाही.' स्वतःचीच जुनी जर्नलं तपासल्यासारखं वाटत होतं. या पद्धतीने दोन आठवड्यांत मी सोळा कॉप्या टाकल्या.

सतरावी कॉपी फेब्रुवारी पंच्याण्णवची होती. तिच्यात फक्त एक ओळ बदलली होती.

हवा एका अंशाने तापली की दिवसाला किती मिलिमीटर बर्फ वितळतं, असा एक आकडा या प्रोग्रॅमला लागतो. आमच्या डोंगरासाठी तो ३.१ होता. माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांनी दोन हिवाळे बर्फात उभं राहून तो मोजला होता. सतराव्या कॉपीत तिथे ३.८ होतं.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला सगळं आठवलं. पेपर पाठवायला दोन दिवस होते. ३.१ ने पूर नऊ दिवस उशिरा येत होता. नदीला खरा पूर कधी आला ते तर समोर होतंच. म्हटलं, बघू तरी किती घातलं की जुळतं. ३.४ घातलं, ३.६ घातलं. ३.८ ला रेघेवर रेघ बसली. तेवढ्यात हॅलोरन मागे येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. उद्या सांगू म्हटलं आणि तो उद्या दोन वर्षं उजाडला नाही. पुढे तेविसाव्या कॉपीत मी सगळा प्रोग्रॅम नीट पुन्हा लिहिला, तेव्हा ३.१ परत आला आणि ३.८ वाहून गेला. विसरलो होतो असं म्हणायला सोपं आहे. खरं तर विसरायला मी बरीच मेहनत घेतली होती.

म्हणजे जागृतीने काहीच मोडलं नव्हतं. ती महिनाभर बरोबर उत्तर काढत होती आणि आम्ही तिला ते चूक आहे म्हणून सांगत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून लॅबचं दार लावून घेतलं.

दार लावलं तरी डोकं चालूच होतं आणि ते चांगलं चालत नव्हतं. ही टेप फक्त माझ्याकडे होती. सोळानंतर एकदम तेविसावी टाकली तर कुणाला कळणार होतं? डिफेन्स पाच आठवड्यांवर. बाबांनी नागपुरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला कुणी सांगितलंय? जागृतीचं काय, तिला मी दुसरीकडे कुठे काम बघून देईन, शब्द टाकीन. असे उदार विचार माझ्या मनात आले, हे मी इथे लिहून ठेवतो.

मी पद्मिनीताईंना फोन केला आणि ताकाला जाऊन भांडं लपवलं. "ताई, समजा मधल्या काही कॉप्या टाकायच्या राहिल्या तर सीव्हीएसला कळतं का?"

"त्याला काय कळणार? तू घालशील तीच हिस्ट्री." मग त्यांनीच विचारलं, "कुठल्या टाकायच्या नाहीयेत?"

"नाही, असंच विचारलं."

"लहू, असंच विचारायला कुणी ऑफिसात फोन करत नाही. हे बघ, मी काही तुझी गाइड नाही. पण ते टूल चूक सापडावी म्हणून आहे. लपवायची असेल तर तुझी जुनी पद्धतच बरी होती. तीच ठेव ना."

त्यांनी फोन ठेवला. मीटिंगमध्ये खाली घातलेलं जागृतीचं डोकं मला दिसत राहिलं. चूक दिसू नये म्हणून मी जन्मभर धडपडलो आणि शेवटी ती तिच्या अंगावर ढकलली. ती तर माझ्याच भरवशावर आली होती. कुण्या परक्याने तिच्याशी असं केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

मी सतरावी कॉपी टाकली. मेसेजची चौकट उघडली. इंग्रजीत लिहिलं, पण मथितार्थ असा : 'हा आकडा मोजलेला नाही. उत्तर बघून बसवलेला आहे. पंच्याण्णवच्या पेपरातला आलेख यावर काढला. तो चूक आहे. बदल मी केला, कुणाला सांगितलं नाही. लहू.' कमिट केलं तेव्हा गुरुवारी दुपारचे तीन वाजले होते. हॅलोरनचा निर्णय दुसऱ्या दिवशी व्हायचा होता.

मग मी जागृतीच्या टेबलाशी गेलो. ती पुस्तकं खोक्यात भरत होती.

"हे काय?"

"काही नाही लहूदादा, लायब्ररीची परत करायचीत."

मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. ३.१, ३.८, टेप, मेसेज. माझं संपल्यावर तिने ड्रॉवरमधून वही काढली, मागची पानं उलटली आणि एक पान माझ्यासमोर धरलं. तारीख मार्चमधली होती. खाली लिहिलं होतं : '३.८ घातलं की आलेख तंतोतंत जुळतो. रीडिंग बसवलंय? लहूदादांना विचारावं.' त्यावरून निळ्या शाईची एकच आडवी रेघ मारलेली होती. खालचं सगळं वाचता येत होतं.

अमरावतीच्या कॉलेजातही जर्नलं होतीच की! हॅलोरनला शंभर वर्षांत जे सुचलं नसतं ते तिने उत्तरावरून उलटं गणित करून काढलं होतं. तेही त्या मीटिंगच्या तीन आठवडे आधी.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "मीटिंगमध्ये मी तुला बोललो तेव्हा ही वही तुझ्या हातात होती."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा डिफेन्स होता ना जूनमध्ये." ती खोक्यातली पुस्तकं सारखी करत राहिली. "म्हटलं, आपल्यातला एक तरी डॉक्टर होऊन जाऊ दे."

डोळे भरून आले आणि ते लपवायला मी खोक्यातली पुस्तकं काढून परत तिच्या शेल्फवर लावायला लागलो. लायब्ररीचं त्यात एकही नव्हतं.

शुक्रवारी मीटिंगच्या आधी मी हॅलोरनला त्याच्या खोलीत गाठलं आणि लॉग, म्हणजे सीव्हीएसमधली सगळ्या मेसेजांची यादी, दाखवला. त्याने तो दोनदा वाचला. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत म्हणाला, "मी एकदाही विचारलं नाही, इतकं बरोबर कसं आलं म्हणून." मग त्याने एकेक करून सांगितलं. जर्नलला दुरुस्ती पाठवायची. दुसरं प्रकरण नव्याने लिहायचं. डिफेन्स जूनमध्ये नाही, डिसेंबरमध्ये. जागृतीचं काम दोन वर्षं चालू राहील आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिची माफी मागायची. "आपण दोघांनीही," तो म्हणाला. आम्ही मागितली.

रविवारी बाबांना फोन करून डिफेन्स पुढे गेल्याचं सांगितलं. का गेला तेही सांगितलं. फोनवर खरखर होती. ते म्हणाले, "बरं झालं," आणि मग जेवलास का, असं विचारलं.

उरलेल्या कॉप्या टाकून झाल्यावर मी जागृतीला सीव्हीएस शिकवलं. तिचं पहिलं कमिट म्हणून तिने ३.१ च्या ओळीवर एक टीप लिहिली : 'हा आकडा मोजलेला आहे, उत्तराकडे बघून बदलू नये.' मेसेजची चौकट उघडली तशी तिने मान वळवून विचारलं, "इथे 'का'मध्ये काय लिहू?"

"जे आलं ते लिही," मी म्हणालो आणि चहा आणायला गेलो.

परत आलो तेव्हा तिने कमिट करून टाकलं होतं. स्क्रीनवर होतं : 'पंच्याण्णवच्या पेपरातली चूक पुन्हा होऊ नये म्हणून. चूक लहूने शोधली.'

"जागृती, हे साफ खोटं आहे."

"तुम्हीच तर टेपवरून शोधलीत."

"मी केली. शोधलीस तू, मार्चमध्ये. बदल ते."

"आता कमिट झालंय, दादा. खाडाखोड होईल."

"होऊ दे," मी म्हणालो.

नवा मेसेज द्यायला नवा बदल लागतो, म्हणून तिने टिपेत एक शब्द वाढवला आणि पुन्हा कमिट केलं. दोन्ही मेसेज त्या लॉगमध्ये एकाखाली एक आहेत. पहिल्यात चूक लहूने शोधली असं आहे. दुसऱ्यात आहे : 'आधीचा मेसेज बरोबर नव्हता म्हणून. चूक मी शोधली. जागृती.'